कुकरची शिट्टी, कोकिलाबेनचा आवाज आणि आपली फुगडी
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रेडीतून बोलतेय. शिरोडा, आरवली, तिरोडा, कुठूनही ऐकत असाल, हातातलं काम चालू राहू दे. कान तेवढे इकडे ठेवा.

आजचा विषय जरा वेगळा आहे. गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, ती सीरियलमधल्या बोलण्याची गाणी करतात, ती कशी गो करतात? आणि आपलं बोलणं कोणी असं उचललं तर?" प्रश्न दोन होते. पहिल्याचं उत्तर गमतीचं आहे. दुसऱ्याचं तितकं गमतीचं नाही. दोन्ही सांगते.

ऑगस्ट २०२० आठवतोय ना? लॉकडाऊन. मुंबईकर चाकरमानी चतुर्थीला यायचे की नाही, आले तर किती दिवस वेगळे राहायचे, यावरून गावागावांत गजाली आणि भांडणं. अशा त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येऊन पडला. ‘साथ निभाना साथिया’ ही मालिका आपण पाहिलेली. गुजराती घर, करड्या शिस्तीची सासू कोकिलाबेन, सुना गोपी आणि राशी. त्यात एक प्रसंग होता. गॅसवर कुकर चढवलेला, आणि कोणीतरी आतले चणे काढून नुसता रिकामा कुकर ठेवलेला. कोकिलाबेन दोघी सुनांना समोर उभं करून उलटतपासणी घेते, की त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होतं. गुजरातीत स्वयंपाकघराला रसोडं म्हणतात. या एवढ्याशा भांडणाचं एका मुलानं गाणं केलं आणि ते देशभर वाजलं. ‘रसोडे में कौन था’ हे त्याचं नाव.

तो मुलगा आपला मराठी. यशराज मुखाटे, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. शिक्षणानं इंजिनीअर. मोठा स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही, सिनेमाची कंपनी पाठीशी नाही. घरातली खोली, कॉम्प्युटर, पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड, आणि कान. मला विचाराल तर यातली सगळ्यात महाग वस्तू कानच.

त्यानं नेमकं काय केलं ते बघा. मालिकेतल्या प्रसंगात मागं ढणढण संगीत असतं, कॅमेरा तीनतीनदा तोंडावर येतो, ते सगळं आपण सोडून देऊ. कोकिलाबेनचं काम करणाऱ्या रूपल पटेल यांचं बोलणंच मुळात लयीतलं आहे. प्रश्न विचारताना आवाज वर जातो, थांबतो, परत त्याच जागी येतो. बोलण्यात सूर असतोच. आपल्याला मालवण्यांना हे कोणी शिकवायला नको. आपण बोलतो तेव्हा वाक्याच्या शेवटी जो हेल निघतो, त्यावरून घाटावरचा माणूस लगेच ओळखतो की ही बाई तळकोकणातली. तो हेल म्हणजे सूरच. फक्त तो कोणी पेटीवर धरून दाखवलेला नसतो.

यशराजनं तो धरला. बोलण्याचा तुकडा उचलला, कॉम्प्युटरवर त्याचे बारीक काप केले, कोथिंबीर निवडून चिरावी तसे. कुठलं अक्षर कुठल्या सुराजवळ पडतं ते पाहिलं. जे थोडं खाली होतं ते वर ओढलं, जे वर होतं ते खाली आणलं. मग खाली ठेका दिला, बाजूला पेटीसारखे सूर भरले, आणि जो शब्द मजेचा होता तो पुन्हा पुन्हा आणला. कोकिलाबेन एकदाच बोलली होती. गाण्यात ती परत परत बोलते. अशा उचललेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात, आणि तो फिरवत ठेवण्याला लूप. धान्याच्या व्यापाऱ्याकडे मूठभर तांदूळ नमुना म्हणून बघतो ना आपण, तेच सॅम्पल. फरक इतकाच की इथं नमुन्यातच अख्खा भात शिजतो.

सूर ओढायचं जे यंत्र आहे, त्याची एक गोष्ट आपल्या रेडीकरणींना आवडेल. त्याचं नाव ऑटो-ट्यून. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या अमेरिकन माणसानं ते १९९७ मध्ये बाजारात आणलं. हा गृहस्थ आधी तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत धक्के द्यायचे, खालून परत येणारे आवाज टिपायचे आणि गणित करून सांगायचं की खोल कुठं काय दडलंय. तेच गणित त्यानं गाणाऱ्याच्या गळ्याला लावलं, आणि बेसूर झालेली जागा सापडायला लागली. खनिज शोधणारं गणित गाण्यात आलं. आपल्या गावात लोखंडाची खाण आहे, मातीतून काय काय निघतं ते आपल्याला माहीत आहे. १९७६ साली त्याच खाणीत द्विभुज गणपती सापडला. पण खाणकामाच्या विद्येतून गाणं निघेल असं कोणाला वाटलं होतं?

आता हे गाणं इतकं का चाललं? लोक म्हणतात, विनोदी होतं. माझा अंदाज थोडा वेगळा आहे. त्या आवाजाला आपण सगळ्या कधी ना कधी घाबरलोय. कोकिलाबेनचा नव्हे, आपापल्या घरातला. "डब्यातली साखर कोणी काढली? दुधावरची साय कुठं गेली? मी बाहेर गेल्यावर इथं कोण आलं होतं?" नव्या सुनेच्या पोटात गोळा आणणारा तो सूर. गाण्यात तोच सूर ठेक्यावर चालायला लागला आणि त्यातली भीती पळाली. सासवांनीही पाहिलं, सुनांनीही पाहिलं, आणि बऱ्याच घरांत दोघींनी एकाच मोबाइलवर पाहिलं. राशीचं काम करणारी रुचा हसबनीस ही तर आपली मराठीच. मालिका २०१७ मध्ये बंद झाली होती. गाणं गाजल्यावर दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर २०२० मध्ये, तिचा दुसरा भाग सुरू झाला.

त्यानंतर यशराजनं अशी बरीच गाणी केली. २०२१ च्या फेब्रुवारीत एक आलं ते पाकिस्तानातल्या मुलीच्या बोलण्यावर. दनानीर मोबीन तिचं नाव. मित्रमैत्रिणींबरोबर सहलीला गेलेली, मोबाइलवर मजेत सांगते की ही आमची गाडी, हे आम्ही, आणि आमची पार्टी चाललीय. पार्टीचा उच्चार तिनं मुद्दाम वाकडा करून ‘पावरी’ केला. संपलं. काही सेकंदांचं बोलणं. यशराजनं त्यावर ठेका चढवला, आणि दोन्ही देशांत पोरंटोरं तेच म्हणायला लागली. सीमेवर माणसं एकमेकांना भेटू शकत नाहीत, पण वाकडा उच्चार इकडून तिकडे गेला. ती मुलगी पुढं तिकडच्या मालिकांमध्ये नटी झाली.

पुण्याच्या कृणाल घोरपडे, म्हणजे क्रेटेक्स, यानं श्रेयस सागवेकरबरोबर २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ हे मराठी नाचाचं गाणं केलं आणि ते नेदरलँड्समधल्या कंपनीनं काढलं, तेही तुमच्या मुलांनी ऐकवलं असेल. त्याची जात वेगळी, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

हे सगळं नवं, मोबाइलचं, असं वाटतं. नवं नाही. आणि गंमत म्हणजे याची सुरुवात रेडिओतच झाली. १९४८ साली पॅरिसला, फ्रान्सच्या रेडिओत पिएर शेफेर नावाचा इंजिनीअर होता. तो यंत्र घेऊन रेल्वे स्टेशनवर गेला. इंजिनाची शिट्टी, वाफेचा फुसकारा, डबे रुळांवर आपटत जातात तो खडखडाट, सगळं तबकडीवर टिपून आणलं. मग त्यानं तबकडीवरची खाच अशी केली की सुई पुढं जाणारच नाही, त्याच वर्तुळात फिरत राहील. आपल्याकडं जुनी तबकडी खराब झाली की एकच शब्द अडकून वाजायचा, आठवतं? आपण उठून सुई पुढं ढकलायचो. त्यानं तेच अडकणं मुद्दाम केलं आणि त्यातून संगीत बांधलं. ते त्याच वर्षी रेडिओवर वाजलं. आजचा लूप म्हणजे ती अडकलेली सुई.

इंग्लंडमध्ये बायकांनी हे काम केलं. बीबीसी रेडिओत १९५८ साली चमत्कारिक आवाज तयार करायचा एक विभाग निघाला. तो निघावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत डॅफ्ने ओरॅम ही बाई पुढं होती. पण तिला तिथं मनासारखं करता येईना. वर्षभरात तिनं नोकरी सोडली आणि खेड्यातल्या आपल्या घरात स्वतःची आवाजांची प्रयोगशाळा मांडली. नोकरी सोडून घरी काम मांडणं म्हणजे काय ते आपल्या गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

त्याच विभागात नंतर डेलिया डर्बीशायर आली. तिच्याकडं लोखंडी पत्र्याची हिरवी दिव्याची छत्री होती. ती वाजवायची, टिपायची, आणि त्या घणघणाटातून नवे आवाज काढायची. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका निघाली, तिचं सुरुवातीचं संगीत तिनं घडवलं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एकेक सूर वेगळा टिपायचा, टेप हवी तेवढी कापायची, चिकटपट्टीनं जोडायची. वाकळ शिवतो आपण, तुकड्याला तुकडा, तसंच. चाल रॉन ग्रेनर या संगीतकाराची होती. तयार झालेलं ऐकून तो थक्क झाला आणि म्हणाला की निम्मं श्रेय हिला द्या. बीबीसीच्या नियमात बसेना. विभागाचं नाव लागलं, बाईचं लागलं नाही. ती २००१ मध्ये गेली. मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, पडद्यावर तिचं नाव पहिल्यांदा आलं.

आपल्याकडंही असं एक पान आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये परदेशातून मूग नावाचं आवाजाचं यंत्र आलं, आणि तिथं काही जणांनी त्यावर काम केलं. त्यात गीता साराभाई होत्या. या बाई पखवाज वाजवायच्या. बाईनं पखवाज वाजवायचा, हे आजही आपल्या दशावतारात दिसत नाही, आणि त्या तर त्याच्याही किती आधीच्या. त्या संस्थेतल्या टेप पुढं कित्येक वर्षं कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला.

दशावताराचं नाव निघालंच, तर एक सांगते. रात्रभर नाटक बघताना तुम्ही लक्ष दिलंय का? राजा रागानं बोलत असतो. पाठ केलेलं काही नसतं, जागेवर सुचेल ते. बोलता बोलता आवाज चढतो, शेवटचा शब्द लांबतो, आणि पेटीवाला तो शब्द जिथं लांबला तिथंच सूर देऊन मोकळा होतो. राजा बोलण्यातून कधी पदात शिरला ते कळतही नाही. आपल्या पेटीवाल्याला कोणी इंजिनीअर म्हणत नाही, पण यशराज कॉम्प्युटरवर दिवसभर बसून जे करतो ते तो वडाखाली पहाटे तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना करतो.

आता दुसरा प्रश्न. आपलं बोलणं कोणी उचललं तर?

अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. न्यूयॉर्कमध्ये ग्रेगरी कुटुंब आहे, तीन भाऊ आणि एकाची बायको. बातम्यांमधली बोलणी उचलून ते घरात गाणी करायचे. २०१० च्या जुलैत अलाबामा राज्यातल्या एका गरीब वस्तीत एका घरात माणूस घुसला आणि झोपलेल्या तरुणीवर त्यानं हात टाकायचा प्रयत्न केला. तिचा भाऊ अँटॉन डॉडसन धावला म्हणून ती वाचली. टीव्हीवाले आले. डॉडसन संतापून बोलला, वस्तीतल्या लोकांना सावध केलं. त्याचं बोलणं मोठं लयदार होतं. ग्रेगरींनी त्याचं गाणं केलं, आणि ते इतकं खपलं की देशाच्या गाण्यांच्या यादीत जाऊन बसलं. लोक हसले, नाचले, लग्नात वाजवलं.

यातली चांगली बाजू आधी सांगते. ग्रेगरींनी डॉडसनला शोधलं आणि विक्रीतला निम्मा वाटा त्याला दिला. त्या पैशांतून त्यानं कुटुंबाला त्या वस्तीतून बाहेर काढलं. कायद्यानं त्यांच्यावर फार जबरदस्ती असती असं नाही, तरी दिला. असं करणारे थोडे.

पण ती बहीण? तिच्यावर जे आलं ते मागं पडलं आणि तो ठेका पुढं आला. गाणं ऐकून नाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हे बाईवरच्या हल्ल्याबद्दल आहे? कोकिलाबेनचा राग नाटकातला होता. रूपल पटेल यांना त्या बोलण्याचे पैसे मिळाले होते, लेखकानं ते लिहिलं होतं. खरोखर रडणारी, भांडणारी, पंचायतीत तक्रार सांगणारी बाई ही दुसरी गोष्ट आहे. सरपंचासमोर पाण्याच्या नळावरून तावातावानं बोलणारी बाई कोणी टिपली, त्यावर ढोल चढवला, आणि तालुकाभर फिरवलं, तर पुढच्या ग्रामसभेत ती तोंड उघडेल का? मला यातली सगळ्यात काळजीची जागा हीच वाटते. पैसा गेला तर परत येतो. एकदा बाईचं बोलणं हसण्यावारी गेलं की ती बोलायची थांबते.

नावाचंही असंच. तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरलं की मंगेशी फार लांब नाही. तिथलं नाव लावणाऱ्या लतादीदींचा आवाज २००२ साली अमेरिकेत पोहोचला, तो असाच. डीजे क्विक नावाच्या संगीतकारानं टीव्हीवर हिंदी गाणं ऐकलं, १९८१ च्या ‘ज्योती’ सिनेमातलं, बप्पी लाहिरींच्या चालीचं. त्यानं तो तुकडा उचलून ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्याखाली फिरवला. गाणं तिकडं चांगलंच चाललं. कोणाला विचारलं नव्हतं. बप्पी लाहिरी अमेरिकेच्या कोर्टात गेले, आणि २००३ मध्ये कोर्टानं सांगितलं की त्यांचं नाव घातल्याशिवाय तबकडी विकायची नाही. एवढ्या मोठ्या लोकांच्या बाबतीत असं होतं, तर खळ्यात फुगडी घालणाऱ्या बायकांना कोण विचारतो?

आणि विचारायला पाहिजे, कारण आपल्याकडं उचलण्यासारखं खूप आहे. चतुर्थीची फुगडी, गौरीच्या रात्रीची गाणी, लग्नातल्या ओव्या, रापण ओढतानाची हाक. पूर्वी ते खळ्यातल्या खळ्यात राहायचं. आता चार फुगड्या झाल्या की सहा मोबाइल वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी आपलाच आवाज कुठल्यातरी रीलवर, खाली भलताच ढोल. गावाचं नाव नाही, वाडीचं नाव नाही.

ढोलाबद्दल माझी तक्रार नावाच्याही आधीची आहे. फुगडीची लय एकसारखी नसते. सुरुवात संथ, पाय मोजून मोजून. मग हात घट्ट होतात, श्वास वाढतो, आणि लय हळूहळू चढत जाते, शेवटी नुसता फुंकारा. कॉम्प्युटरचा ठेका मिनिटाला शंभर म्हटलं की शंभर, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्यालाही. अशा ठेक्यावर फुगडी बसवायची म्हणजे ती चढत जाणारी लय ताणून किंवा कापून सरळ करायची. मग बायका दमतायत, हसतायत, पडता पडता सावरतायत, ते सगळं जातं. चांगला कारागीर ठेकाच चढता ठेवतो, ते जमतं. आळशी माणूस फुगडी सरळ करतो.

आपल्याच राज्यात हे काम नीट कसं करता येतं याचं मोठं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यातून १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढं बर्नार बेल यांनी बऱ्याच ओव्या गाणाऱ्यांच्याच आवाजात टिपल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या संग्रहात त्या येऊ लागल्या, आणि तिथं ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. ओवी परंपरेची, तिचा मालक कोणी नाही. पण ती त्या दिवशी ज्या गळ्यातून आली तो गळा कोणाचा तरी होता.

कायदाही साधारण तेच म्हणतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात १९९४ साली गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलाकार म्हणून आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आला. गाणं जुनं असो, कोणाचंही असो, तुम्ही ते गायलात तर त्या गाण्यावर तुमचा हक्क पोचतो. टिपणाऱ्याचाही त्याच्या टिपणावर हक्क असतो, हेही खरं. म्हणून टिपण्याआधीच बोलून घेतलेलं बरं. आता तर कॉम्प्युटर नुसता आवाज ऐकून हुबेहूब तसाच दुसरा आवाज बनवतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल करायला मनाई केली. आशाताई कोर्टात जाऊ शकल्या. आपल्याला आधी घरातच नियम करायला लागतील.

आमच्या बैठकीत जे ठरलं ते सांगते, तुम्हाला पटलं तर घ्या. खळ्यात फुगडी सुरू होण्याआधी एकीनं मोठ्यानं विचारायचं, कोणाकोणाला टिपलेलं चालेल? जिला नको ती मोबाइलच्या मागं उभी राहील, आणि तिला "काय गो, इतकी कसली लाजतस" असं कोणी म्हणायचं नाही. मुलींना तर दोनदा विचारायचं. बाहेरचा कोणी गाणं करायला मागत असेल तर तीन गोष्टी आधी कळल्या पाहिजेत: नाव कुठं लागणार, पैसे आले तर गटाच्या खात्यात किती येणार, आणि तयार झालेलं आम्हाला आधी ऐकवणार की नाही. कागदावर चार ओळी, दोघांच्या सह्या. बचत गटाच्या वहीत आपण दहा रुपयांची नोंद करतो, मग गळ्याची का नको?

आणि दुसऱ्यानं करायची वाट कशाला बघायची? मोबाइल आहे, घर आहे, आवाज तर ढीगभर आहेत. सुरुवात स्वयंपाकघरातून करा. कुकरची शिट्टी, आडाळ्यावर नारळ खवतानाची खरखर, पाट्यावर वरवंटा ओढतानाचा घसारा, तापल्या तेलात मोहरी तडतडते ती. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका म्हणजे मधेच कोणाचा कॉल येणार नाही, आणि आवाजापासून हातभर अंतरावर धरा. फोडणीच्या फार जवळ नेऊ नका, तेल उडालं तर फोनही जाईल. पावसात कौलांवरचा आवाज सगळं झाकून टाकतो. त्यावर उपाय म्हणजे दोन बाजूंना गोधड्या टांगायच्या, नाहीतर सरळ पाऊसच टिपायचा.

टिपलेलं कापायला फुकटची साधनं आहेत. मोबाइलवर बँडलॅब, कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी. पोरांना विचारा, त्यांना दहा मिनिटांत कळतं, मग तुम्हाला वीस मिनिटांत कळेल. एक प्रयोग नक्की करा. कुकरची शिट्टी घ्या आणि टेप हळू चालवावी तसा तिचा वेग निम्मा करा. आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरतो. आणखी निम्मा करा, परत एक सप्तक. शिट्टीची बोट होते, रेडी बंदरावर लागलेल्या बोटीच्या भोंग्यासारखी. त्या भोंग्याखाली वरवंट्याचा ठेका लावला की निम्मं गाणं झालंच. बोलणं घालायचं असेल तर घरातलंच एक वाक्य घ्या, रोज उठून म्हटलं जाणारं. पण जिचं वाक्य आहे तिला आधी विचारून. सासूचं असेल तर जेवण झाल्यावर विचारा.

केलेलं आमच्याकडं पाठवा, पुढच्या महिन्यात वाजवू. टिपायला सुरुवात कराल तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत स्वतःचं नाव, वाडी आणि गाव सांगा, आणि मग कुकर लावा.